कुंजरनने काय दाखवलं

व्हॅन सुटायच्या आधीच पूंगोदैने ऐयांना बाजूला घेऊन सांगून टाकलं.

"मी येते, ऐया. पण शेवटच्या ठिकाणी तुम्ही दगड मारलात, तर सोमवारपासून शाळेत येणार नाही. आईला सांगून ठेवलंय. ती म्हणाली, नको जाऊस, शेळ्या सांभाळ."

ती धमकी नव्हती. बस किती वाजता सुटते हे सांगावं, तसं तिने सांगितलं आणि खिडकीजवळची जागा धरून बसली. तेरा वर्षांची काटकुळी पोर, वेण्यांना शाळेच्या निळ्या रिबिनी, खांद्याला दप्तर, हातात चिंचभाताचा डबा.

कलियपेरुमाळ कुंभकोणमच्या त्या शाळेत एकतीस वर्षं तमिळ शिकवत होते. बाकीचे शिक्षक 'सर', तमिळवाले तेवढे 'ऐया', असा तिकडचा रिवाजच आहे. निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं. दर वर्षी उन्हाळा लागायच्या सुमारास ते आठवीच्या मुलांना एका शनिवारी कादंबरीच्या जागा दाखवायला नेत. कोणती कादंबरी, हे त्या भागात कुणी विचारत नाही. साप्ताहिकात ती आठवड्याला एक प्रकरण अशी येत असे, तेव्हा घरोघरी बायका पानं कापून ठेवत आणि वर्षाअखेर सुई-दोऱ्याने शिवून पुस्तक करत. ऐयांच्या आईने शिवलेलं पुस्तक आजही त्यांच्या पिशवीत होतं. चित्रांची पानं बोटांच्या तेलाने पिवळी झाली होती.

त्यातलं एक चित्र सगळ्या जिल्ह्याला पाठ होतं. तळ्याचा बांध, मशालीचा उजेड, आणि एक धिप्पाड माणूस अंधाराकडे बोट दाखवतोय. तो अरैयन कुंजरन, गावाचा मुखिया. लपून बसलेला पांड्य राजपुत्र त्याने शत्रूच्या सैनिकांना दाखवून दिला. तमिळीत याला 'काट्टिक् कोडुत्तान्' म्हणतात. शब्दाशब्दाने घेतलं तर 'दाखवून दिलं' एवढंच. पण आज हे बोलल्यावर ऐकणारा एकच अर्थ घेतो : फितुरी केली. कुंभकोणमच्या शाळांत तर कुणी मास्तरांकडे चहाडी केली की पोरं बोट पुढे करून ओरडतात, "कुंजरन!"

पूंगोदै ज्या गावची, त्याचं नाव कुंजरनेरी. कुंजरनचं तळं. तिथल्या बांधाच्या आतल्या उतारावर, पाण्याच्या बाजूला, त्याच्या नावाचा एक उभा दगड आहे. कादंबरीचे वाचक लांबलांबून तो बघायला येतात, दहा पावलांवर उभे राहतात आणि एकेक खडा मारून जातात. सहलीचा शेवटचा थांबा तोच होता. सहावीत ती या शाळेत आली, तेव्हापासून वर्गात तिच्याकडे किती वेळा बोट झालं असेल, याची गणती तिने सोडून दिली होती.

आणखी एक गोष्ट होती. ती मुलांना ठाऊक नव्हती, ऐयांना होती. ही खडे मारायची चाल त्यांच्याच वर्गातून निघाली होती. बावीस वर्षांपूर्वीच्या पहिल्या सहलीत एका मुलाने गंमत म्हणून खडा मारला. ऐया हसले, आणि त्यांनीही एक मारला. पुढच्या वर्षी सगळ्यांनी मारले. मग दुसऱ्या शाळांनी उचललं, मग मोठ्यांनी. मास्तरांच्या हसण्याने काय काय सुरू होतं, ते मास्तरांना फार उशिरा कळतं.

सकाळी नदीचा घाट झाला. कादंबरीत जिथून नायिका होडीत बसते, तिथे आता पाण्याच्या मोटरीची खोली होती आणि दारावर कुणीतरी भोपळ्याचा वेल चढवला होता.

"ऐया, होडी कुठली? इथं म्हैससुद्धा कोरडी जाईल," इळंपरिदी म्हणाला. हा वर्गातला विनोदवीर. बापाचं सायकलचं दुकान, आणि पोराची जीभ बापाच्या पंपासारखी सदा चालू.

"पावसात ये, मग बघ."

"पावसात तुम्ही सहल काढत नाही."

सगळे हसले. ऐयाही हसले. मग देऊळ झालं, डबे उघडले, लिंबूभात, चिंचभात, दहीभात यांची देवघेव झाली. त्यानंतर ऐयांच्या लक्षात आलं की मुलं रस्त्याच्या कडेला वाकून काहीतरी वेचताहेत. कावेरीकाठी नुसती वाळू, खडा औषधाला मिळायचा नाही. म्हणून पोरांनी रस्त्याच्या कामाच्या ढिगातली खडी खिशात भरली होती. पूंगोदै एकटीच व्हॅनमध्ये बसून होती.

ऐया ड्रायव्हरजवळ गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "उशीर झालाय. तळं राहू द्या या वर्षी. सरळ घरी."

"ऐयाऽऽ!" एकच ओरडा झाला. "अडीचच तर वाजलेत!"

"खडे घेतलेत ऐया, आता टाकून देऊ?"

वर्गापुढे वेळेचं कारण सांगणारा मास्तर खोटं बोलतोय, हे मुलांना चटकन कळतं. ऐयांनाही ते कळलं. त्यांनी पूंगोदैकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे बघत नव्हती.

"बरं, चला," ते म्हणाले.

कुंजरनेरीत बांधाच्या तोंडाशी उत्तिरापतीचं चहाचं दुकान होतं. व्हॅन दिसताच त्याने कढईखालचा जाळ मोठा केला.

"वणक्कम ऐया! या, या. बज्जी गरम आहेत. केळ्याच्या आहेत, मिरचीच्या आहेत. खडे आणलेत ना? नसतील तर त्या बादलीत आहेत, दुकानातर्फे फुकट."

"आणलेत, मामा!" पोरं ओरडली.

पूंगोदै सगळ्यांच्या आधी उतरली होती. ती बांधावर चढली, आतल्या उताराने तरातरा खाली गेली आणि दगडाला पाठ लावून उभी राहिली. मुलं दहा पावलांवर थबकली. तळं निम्म्याहून आटलेलं होतं. पलीकडे दहाबारा बायका घमेल्यांनी गाळ उपसत होत्या. सरकारच्या शंभर दिवसांच्या कामावरच्या त्या बायका. त्यांत पूंगोदैची आई अंजलै होती. तिने घमेलं खाली ठेवलं.

"बाजूला हो ना," इळंपरिदी म्हणाला. "लागेल."

"लागू दे."

"अगं, तुला नाही मारत आम्ही. त्याला मारतोय."

"मग मार की. मी कुठं हात धरलाय?"

इळंपरिदी गोंधळला. त्याने मागे वळून तक्रार केली, "ऐया, ही बघा ना, हलतच नाही!"

मागून कुणीतरी बोट पुढे केलं. "कुंजरन! ऐयांना जाऊन सांगतोय! कुंजरन!"

सगळा वर्ग खो-खो हसला. इळंपरिदीचा चेहरा लाल झाला. त्याच्याकडे असं बोट पहिल्यांदाच झालं होतं.

हसू ओसरलं तशी मुलं ऐयांकडे बघू लागली. पहिला खडा दर वर्षी ते मारत. कुणीतरी तो त्यांच्या हातात देऊनही ठेवला होता. ऐया चालत पुढे गेले.

"बाजूला हो, पोरी," ते म्हणाले.

पूंगोदैने त्यांच्याकडे पाहिलं आणि ती बाजूला झाली.

दगडाजवळ जाऊन काय करायचं, हे ऐयांनी ठरवलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्यांना थोडा वेळ हवा होता. दहा पावलांपेक्षा जवळून त्यांनी तो दगड बावीस वर्षांत पाहिलाच नव्हता. त्यावर काय आहे, ते कादंबरीत होतंच. मग वाचायचं कशाला? आता दिसलं की दगडाच्या पायथ्याची माती ताजी उकरलेली आहे, आणि तिथे आणखी अक्षरं आहेत.

"हे कधी निघालं?" त्यांनी विचारलं.

"पंधरवडा झाला," अंजलै जवळ येत म्हणाली. पदराने तिने हात पुसले. "गाळ काढताना निघालं. मुकादम म्हणाली, हात लावू नका. आम्ही तसाही लावत नाही. गावातलं कुणी त्याच्याकडे बघतसुद्धा नाही."

ऐयांनी हातातला खडा खिशात टाकला आणि मुलांकडे वळले. त्यांचा आवाज आता वर्गातला झाला होता.

"मारायच्या आधी वाचू या. ज्याला मारतो, त्याचं नाव तरी नीट वाचता आलं पाहिजे. अंजलै अम्मा, घरात कोलमचं पीठ आहे?"

दारात रांगोळी घालतात ते तांदळाचं पीठ आलं. ऐयांनी एका मुलीला दगड ओल्या फडक्याने पुसायला लावला, दुसरीला पीठ हलक्या हाताने चोळायला. वरचं पीठ झटकलं, तशी खाचांत बसलेली अक्षरं पांढरी होऊन वर आली. मुलं आपोआप गोळा झाली. खिशातली खडी खुळखुळत होती.

"हे आपलंच 'क' ना, ऐया?"

"आपलंच. हजार वर्षांचं आहे, म्हणून थोडं वाकलंय. तूही वाकशील. आता ऐका. दगडावर अक्षराच्या डोक्यावर टिंब देत नसत. शब्द तोडत नसत. वाक्य कुठं संपलं, तेही लिहीत नसत. कुठं थांबायचं, ते वाचणाऱ्याने ठरवायचं. म्हणून सावकाश."

पहिली ओळ राजाची निघाली. 'पांड्याचं मस्तक घेणाऱ्या राजाचं बारावं वर्ष.' दुसऱ्या ओळीत तळं निघालं. तिसऱ्या ओळीवर इळंपरिदी गुडघे टेकून बसला होता. तो एकेक अक्षर बोटाने दाबत मोठ्याने वाचू लागला.

"अ-रै-यन् कुं-ज-रन् का-ट्टिक् को-डु-त्त..." तो उडीच मारून उठला. "काट्टिक् कोडुत्त! बघा! दगडावरच लिहिलंय! वर पांड्य, खाली हा! फितूरच होता!"

एकच गलका झाला. उत्तिरापतीही झारा हातात घेऊन आला. "मी काय सांगत होतो? पुस्तकात खोटं कसं असेल?"

पूंगोदै बांधावर बसली. दगडावर काय आहे, ते तिलाही कधी कुणी वाचून दाखवलं नव्हतं. तिच्या मनात कुठेतरी असं होतं की दगडावर ते नसेल.

"मग मारा," ती म्हणाली. "लिहिलंच आहे तर मारा."

अंजलैने घरी चल म्हणत मुलीच्या दप्तराकडे हात केला. पण एकतीस वर्षं वह्या तपासलेल्या ऐयांचा डोळा अक्षरावरून हलला नव्हता. तो त्या शेवटच्या 'त्त'वर अडकला होता.

"थांब," ते म्हणाले. "इळंपरिदी, तू 'कोडुत्तान्' वाचलंस?"

"नाही. 'कोडुत्त' आहे. पुढचं ओळीत मावलं नसेल."

"मावलं नसेल तर कुठं जाईल? खालच्या ओळीत. 'कोडुत्तान्' म्हणजे 'दिलं', तिथं वाक्य संपतं. नुसत्या 'कोडुत्त'वर संपत नाही. खाली वाच."

खालची ओळ म्हणजे पंधरवड्यापूर्वीपर्यंत मातीत असलेली. इळंपरिदी पोटावर आडवा झाला. पीठ चोळलं, फुंकर मारली.

"प... डि. 'पडि'. मग पि... डि. 'पिडि'. ऐया, पडि-पिडि! वाच आणि पकड!"

"वाचतोच आहोत. पुढे?"

"पिडि... सूळ्न्द... म्हणजे वेढा! पकडा, वेढा घाला! आता तर झालंच, सैनिक आले!"

मुलं हसायला लागली. ऐया हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "पिडि म्हणजे पकड. आणखी काय?"

मुलं पुन्हा दगडाकडे वाकून बघू लागली.

"धड्यात झालंय. आठवा."

"हत्तीण," पूंगोदै बसल्या जागेवरून म्हणाली. आवाज बारीक होता. "कळिरु म्हणजे हत्ती, पिडि म्हणजे हत्तीण. दुसऱ्या घटकातला चौथा धडा."

"हत्तीण," ऐया म्हणाले. "आता 'पडि' वरच्या शब्दाला जोड."

ती उठून आली. दगडाजवळ वाकली. 'कोडुत्त'वर एक बोट ठेवलं, खालच्या 'पडि'वर दुसरं. तिला तीन वेळा मनात वाचावं लागलं.

"'कोडुत्तपडि.' दाखवून दिल्याप्रमाणे." तिचं बोट पुढे सरकलं. "'अरैयन कुंजरनने दाखवून दिल्याप्रमाणे हत्तीण फिरवलेली...' पुढचं काय आहे, ऐया?"

"एल्लै. शीव."

"'...हत्तीण फिरवलेली शीव.'"

मग ऐयांनी समजावलं. जमीन दान करताना हत्तीण मोकळी सोडत आणि तिच्या मागून गावाची शीव चालून जात. पण कोणती जमीन कुणाची, तळं कुठवर, हे ठाऊक असलेला माणूस पुढे उभा राहून दाखवून देई. म्हणजे पुढे कुणी तंटा करू नये. खाली शिवा दिलेल्याच होत्या : पूर्वेला मोठी मोरी, दक्षिणेला पळसाचं बन, पश्चिमेला कुंभारांची वाट, उत्तरेला नदी. शेवटच्या ओळीत असं होतं : 'हे राखील त्याचे पाय माझ्या डोक्यावर.'

"कुणाच्या डोक्यावर?" एका मुलाने विचारलं.

"लिहिणाऱ्याच्या. जो कुणी हे तळं राखील, त्याचे पाय मी डोक्यावर घेईन."

अंजलैने आपल्या चिखलाने भरलेल्या पायांकडे पाहिलं आणि घाईघाईने एक पाऊल मागे सरकली.

"मग राजपुत्र?" इळंपरिदीचा आवाज चिरकला. "त्याला कुणी पकडून दिलं?"

"राजपुत्र या दगडावर नाही. कादंबरीत आहे."

"म्हणजे कादंबरी खोटी?"

ऐयांनी पिशवीतून आईचं शिवलेलं पुस्तक काढलं आणि प्रस्तावना उघडली. लेखकाने स्वतःच लिहून ठेवलं होतं : ऐप्पसी महिन्यातला, दिवाळीच्या सुमाराचा पाऊस, तुडुंब तळं, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून दगड वाचला. त्याच्या कमरेखाली जे होतं, ते त्याला दिसलंच नाही. वर पांड्य दिसला, 'काट्टिक् कोडुत्त' दिसलं, आणि गोष्ट झाली.

"गोष्ट चांगलीच झाली," ऐया म्हणाले. "मला अजून आवडते. पण या ठिकाणी चूक आहे. त्यांच्या कमरेएवढं पाणी होतं. मी मात्र दर वर्षी कोरड्या जमिनीवर उभा होतो, मला ही लिपी वाचता येते, आणि मी वाचलं नाही. खालची ओळ मातीत होती खरी, पण वरचं वाक्य अर्धवट आहे, एवढं तरी कळलं असतं. उलट दर वर्षी पहिला खडा मी मारला. ही चाल मी सुरू केलीय, पोरांनो. आणखी कुणी नाही."

मास्तर चुकतात हे मुलांना ठाऊक होतं. मास्तर तसं बोलून दाखवतात हे नवीन होतं.

"राजपुत्र खोटा होता," पूंगोदै सावकाश म्हणाली, "खडे तेवढे खरे होते."

एकाने खिशातली खडी हळूच बांधावर सोडली. मग बाकीच्यांनी. इळंपरिदीने सोडली नाही; तो तळ्याच्या पाण्यात एकेक भिरकावत राहिला, कारण हात मोकळे ठेवणं त्याला जमत नसे.

उत्तिरापती ऐयांच्या कानाशी लागला. "ऐया, हे बाहेर बोलू नका. शीव दाखवणारा माणूस बघायला कोण येणार? फितूर आहे म्हणून माझी बज्जी खपते."

"तुझ्या बज्जीसाठी आम्ही जन्मभर फितुराच्या गावचे म्हणवून घ्यायचं का रे?" अंजलै कडाडली. "तेलाचं भांडं तरी बदल आधी!"

मुलं व्हॅनमध्ये चढत असताना पूंगोदैने ऐयांना विचारलं, "बाकीच्या गाड्या येतात, त्यांना कोण सांगणार?"

"मी पुरातत्त्व खात्याला लिहीन. वर्तमानपत्राला लिहीन."

"त्याला किती दिवस लागतील?"

"लागतील."

"तोवर?"

तिने स्वतःशीच मान हलवली आणि व्हॅनकडे न जाता आईबरोबर घराकडे वळली.

सोमवारी तमिळच्या तासाला हजेरी घेताना तिच्या नावावर कुणी 'ओ' दिली नाही. ऐयांनी नाव दुसऱ्यांदा घेतलं. वर्गात कुणी बोट पुढे केलं नाही. इळंपरिदी म्हणाला, "पण ऐया, आपण मारले नाहीत ना." त्याला स्वतःलाच त्याचा भरवसा वाटत नसावा, कारण ते त्याने दोनदा म्हटलं.

शेवटची घंटा होताच ऐयांनी गावाकडची बस धरली. बसमध्ये ते मनाशी वाक्यं जुळवत होते : शेळ्या सांभाळण्यात काही वाईट नाही, पण, तुझी आई म्हणते ते खरं, पण. प्रत्येक 'पण'च्या पुढे काय म्हणायचं, ते सुचत नव्हतं.

बांधाच्या तोंडाशी सेलमची एक मोठी व्हॅन उभी होती. दहाबारा मोठी माणसं, टोप्या, पाण्याच्या बाटल्या. आणि दगडाशी पूंगोदै, दोन्ही हात कोपरापर्यंत पिठाने पांढरे.

"पण पोरी, कादंबरीत स्पष्ट लिहिलंय," एक गृहस्थ म्हणत होते. "मी ती सात वेळा वाचली आहे."

"हे एकदा वाचा, पेरियप्पा. खाली वाकावं लागतं. कंबर दुखत असेल तर मी वाचते."

"कंबर दुखत नाही!" गृहस्थ चिडून वाकले. त्यांची बायको हसली. त्यांनी पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली, 'काट्टिक् कोडुत्त'वर थांबून विजयाने वर पाहिलं. पूंगोदैने नुसतं बोट खाली केलं. ते पुन्हा वाकले.

सगळे काही पटून गेले नाहीत. जाता जाता दोघांनी खडे मारलेच, एकाने तर फोटोसाठी दोनदा. पूंगोदैने त्यांना अडवलं नाही. त्या गृहस्थांनी मात्र वहीत चारही शिवा उतरवून घेतल्या आणि बज्जी न खाताच गाडीत बसले. उत्तिरापतीने कढईकडे पाहून उसासा टाकला.

मग तिला ऐया दिसले. ती कपाळावर पिठाचा पट्टा उमटवत घाम पुसत आली.

"मी येणारच होते, ऐया. दप्तर भरलं होतं. बससाठी उभी राहिले, तर सकाळीच एक गाडी आली. मग दुपारी ही."

"उद्या?"

"उद्या येते. उद्या गाडी आली तर आई सांगेल. तिला शिवा पाठ झाल्यात. वाचता येत नाही, पण बोट बरोबर ठेवते." तिने पिठाचे हात झटकले. "पण रजेचा अर्ज लागेल ना? वर्गशिक्षिका टीचर अर्जाशिवाय बसू देत नाहीत. 'ताप' लिहू? सगळे तेच लिहितात."

"ताप आला होता का?"

"नाही."

"मग जे झालं, ते लिही."

ती दुकानाच्या बाकावर बसली. दप्तरातून वही काढली आणि ओठ दुमडून लिहू लागली. ऐयांनी चहा मागवला. अर्ज पाऊण पान झाला : माननीय टीचर, आमच्या गावातला पळैय दगड वाचून दाखवायला दुसरं कोणी नसल्यामुळे एक दिवसाची रजा मिळावी, वगैरे. सही केली, तारीख घातली आणि ऐयांपुढे धरला.

ऐयांनी चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला.

"मजकूर चांगला आहे," ते म्हणाले. "पण 'जुना' म्हणजे 'पळैय' यातला 'ळ' तू चुकीचा काढलायस. आपल्या दोन 'ळ'मधला जीभ मागे वळते तो हवा. आठवीत आहेस."

"ऐया, एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठीच. परत लिही."

पूंगोदैने कुरकुरत पान फाडलं आणि नवं घेतलं.